विश्लेषण : हृदयशस्त्रक्रियेनंतर रुग्णासोबत थांबणाऱ्याने नेमके काय करायचे? वसई-विरारच्या कुटुंबांनी काय लक्षात ठेवावे?

डॉक्टर शस्त्रक्रियागृहाबाहेर येतात, 'ऑपरेशन व्यवस्थित झाले' म्हणतात आणि नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. पुढचे आठ दिवस मात्र घरच्यांची परीक्षा असते. वसई, नालासोपारा, विरारमधील अनेक कुटुंबे बायपास किंवा हृदयाची झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबई गाठतात. रुग्ण परळला किंवा मुंबई सेंट्रलला, घर विरारला आणि नोकरी अंधेरीला अशी तिहेरी ओढाताण सुरू होते. सगळेच धावतात, सगळेच थकतात आणि तरीही डॉक्टर राऊंडला आले तेव्हा नेमके कुणीच हजर नसते. या दिवसांत रुग्णाला कोणती मदत लागते, कोणती गोष्ट टाळायची आणि घरी आणण्याआधी काय तयारी करायची, याविषयी…

पहिल्या दोन दिवसांत रुग्ण कसा दिसतो?

नातेवाईक सर्वांत जास्त घाबरतात ते आयसीयूतील पहिल्या भेटीत. रुग्णाच्या तोंडातून श्वासनलिकेत नळी गेलेली असते आणि ती व्हेंटिलेटरला जोडलेली असते. मानेत आणि मनगटात सुया, छातीतून रक्त व पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या, लघवीची नळी आणि डोक्याशी सतत वाजणारा मॉनिटर. चेहरा सुजलेला, हात गार, रंग फिकट. यातले बहुतेक अपेक्षित असते. घशात नळी असल्याने शुद्धीवर आला तरी रुग्ण बोलू शकत नाही. सर्व सुरळीत असेल तर ही नळी साधारणपणे काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी काढतात. त्यानंतर एक ते तीन दिवसांत रुग्ण वॉर्डात येतो आणि गुंतागुंत नसेल तर शस्त्रक्रियेपासून आठवडाभरात घरी जातो.

या टप्प्यावर नातेवाइकाचे काम छोटे पण मोलाचे असते. हात स्वच्छ धुऊन आत जायचे, रुग्णाचा हात हातात घ्यायचा, स्वतःचे नाव सांगायचे आणि 'ऑपरेशन झाले, तुम्ही आयसीयूत आहात, नळीमुळे बोलता येत नाही, ती लवकरच काढतील' एवढे शांतपणे सांगायचे. प्रश्न विचारायचा तर मान हलवून 'हो-नाही' देता येईल असाच विचारायचा. रुग्णासमोर रडणे, मोठ्याने नवस बोलणे किंवा बिलाची चर्चा करणे टाळावे. डोळे मिटलेले असले तरी त्याला ऐकू येत असू शकते.

आणखी एक गोष्ट मोबाइलची. नळ्या लावलेल्या अवस्थेतील फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. बरा झालेला माणूस तो फोटो महिनाभराने पाहतो, तेव्हा त्याला काय वाटेल याचा विचार करावा.

बाबा अचानक असंबद्ध का बोलू लागतात?

समजा, नालासोपाऱ्यातील एका कुटुंबातील ६८ वर्षांच्या वडिलांची बायपास झाली. दोन दिवस सारे ठीक होते. तिसऱ्या रात्री ते मुलाला ओळखेनात. 'गाडी चुकेल, मला स्टेशनवर सोड' म्हणून हातातील सुई ओढू लागले. मुलाला वाटले, ऑपरेशनमध्ये मेंदूला काही झाले.

हृदयशस्त्रक्रियेनंतर असा तात्पुरता संभ्रम अनेकदा दिसतो. त्याला डॉक्टर 'डिलिरियम' म्हणतात. वय जास्त असेल, ऐकू कमी येत असेल, आधीपासून विसरभोळेपणा असेल किंवा दारूची सवय अचानक सुटली असेल, तर शक्यता वाढते. भूल, वेदनाशामके, जंतुसंसर्ग, शरीरातील क्षारांचे बिघडलेले प्रमाण आणि चोवीस तास दिवे चालू असलेल्या आयसीयूत न झालेली झोप ही त्याची कारणे. संध्याकाळनंतर त्रास वाढतो, सकाळी माणूस पुन्हा बरा वाटतो. बहुतेकांमध्ये तो काही दिवसांत ओसरतो.

पण तो आपोआप जाईल म्हणून गप्प बसायचे नाही. बदल दिसताच सिस्टरला सांगायचे, कारण संसर्ग किंवा कमी झालेला ऑक्सिजन हे त्यामागचे कारण असू शकते. तोंड एका बाजूला वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे किंवा बोलताना जीभ जड होणे ही मात्र पक्षाघाताची लक्षणे आहेत. त्यात एक मिनिटही घालवू नये.

संभ्रमात घरच्या माणसाचा उपयोग औषधाइतका होतो. चष्मा आणि कानातले यंत्र रुग्णाला परत द्यावे. आज कोणता वार, किती वाजले, आपण कुठे आहोत हे अधूनमधून सांगत राहावे. दिवसा पडदा उघडा ठेवावा, रात्री बोलणे बंद. 'असे काही नाहीच' म्हणून वाद घालू नये. 'मी इथेच आहे, गाडीला वेळ आहे' एवढ्यानेही माणूस शांत होतो. शुद्धीवर आल्यावर त्या रात्रीची चेष्टा करू नये. अनेक रुग्णांना ते आठवते आणि त्याची लाज वाटते.

छातीचे हाड आणि उशीचा संबंध काय?

बायपासमध्ये पाय, हात किंवा छातीच्या आतील रक्तवाहिनी घेऊन अडथळ्याच्या पुढे जोडली जाते. हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी बहुतेक वेळा छातीच्या मधले हाड उभे कापले जाते आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधले जाते. तुटलेला हात प्लास्टरमध्ये स्थिर ठेवता येतो. छाती मात्र दर श्वासाला हलत असते. हे हाड बऱ्यापैकी जुळून यायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण बळकट व्हायला साधारण तीन महिने.

म्हणून सोबत असणाऱ्याने एक चूक कधीच करू नये : रुग्णाला हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढून उठवणे. आपल्याकडे प्रेमाने माणूस तेच करतो. योग्य पद्धत अशी : रुग्णाने गुडघे दुमडायचे, कुशीवर वळायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्यांच्या वजनाने उठायचे, आपण पाठीमागून खांद्याला आधार द्यायचा. फिजिओथेरपिस्ट हे दाखवतात. ते दाखवत असताना रात्री थांबणाऱ्या माणसानेही पाहावे.

खोकताना किंवा शिंकताना छोटी उशी छातीशी घट्ट धरायची. दुखते म्हणून रुग्ण खोकणे टाळतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. त्यासाठीच तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र दिले जाते. यात सर्रास होणारी गफलत म्हणजे रुग्ण त्यात फुंकतो. फुंकायचे नाही, नळीतून हवा हळूहळू आत ओढायची, चेंडू वर धरून ठेवायचे आणि मग श्वास सोडायचा. जागेपणी दर तासाला साधारण दहा वेळा. दर तासाला आठवण करणे हे सोबतच्या माणसाचे काम.

वेदनेची गोळी 'सवय लागेल' म्हणून टाळू नये. दुखणे आटोक्यात असेल तरच रुग्ण खोकतो, चालतो आणि झोपतो. एखाद्याला दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान छातीत अनियमित धडधड सुरू होते. दर तीन-चार रुग्णांमागे साधारण एकाला हा त्रास होतो आणि औषधांनी तो बहुधा आटोक्यात येतो. पण धडधड जाणवली की लगेच सांगायला हवे.

एवढ्या लांबून पाळ्या कशा लावायच्या?

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. केईएमसाठी प्रभादेवीला, नायरसाठी मुंबई सेंट्रलला उतरायचे. गर्दीच्या वेळची लोकल, पुढे चालणे आणि पासासाठी रांग हे धरले तर एका पाळीसाठी जाण्या-येण्यातच तीन-चार तास जातात. त्यामुळे 'सगळ्यांनी रोज यायचे' हा हिशेब चालत नाही.

त्याऐवजी कामे वाटून घ्यावीत. एकाने डॉक्टरांशी बोलायचे. राऊंडची वेळ विचारून घ्यायची आणि रोज त्या वेळी तोच माणूस हजर राहायचा. रोज वेगळ्या नातेवाइकाने तोच प्रश्न विचारला, तर उत्तरे तुटक मिळतात आणि घरी त्यांचे वेगवेगळे अर्थ निघतात. दुसऱ्याने कागदपत्रे, बिले आणि औषधे पाहायची. तिसऱ्याने घर, मुले आणि शाळा सांभाळायची. रात्र एकाने सलग दोन दिवसांपेक्षा जास्त करू नये. स्त्रियांच्या वॉर्डात अनेक ठिकाणी रात्री पुरुष नातेवाइकाला थांबू देत नाहीत, हे लक्षात घेऊन पाळ्या ठरवाव्यात. पाळी बदलताना पुढच्याला तीन गोष्टी सांगायच्या : डॉक्टर काय म्हणाले, कोणती तपासणी बाकी आहे, रुग्णाने काय आणि किती खाल्ले.

शंभर पानी वही इथे फार कामी येते. तारीख, वेळ, ताप, साखर, चाललेली अंतरे, नवे औषध आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न एकाच जागी. रिपोर्टचे फोटो तारखेनुसार मोबाइलमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. नातेवाइकांच्या ग्रुपवर दिवसातून एकच मेसेज, ठरलेल्या वेळी, एकाच माणसाने टाकावा. 'आता कसे आहेत?' या शंभर फोनांपासून सुटका होते.

पाहुण्यांना स्पष्ट सांगावे : सर्दी-खोकला असेल तर येऊ नका आणि विरारहून लहान मुलांना घेऊन तर नकोच. जो खरोखर मदत करू इच्छितो त्याला काम द्यावे. रक्तपेढीने रक्तदाते मागितले तर १८ ते ६५ वयाचे, ४५ किलोंहून जास्त वजनाचे निरोगी मित्र आधीच तयार असावेत. कुणी एक दिवस डबा द्यावा, कुणी शाळेतून मुले आणावीत.

रात्र करणाऱ्याने स्वतःची रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी चुकवू नये. हृदयरुग्णाची पत्नी उपाशीपोटी चक्कर येऊन पडली, तर घरात दोन रुग्ण होतात.

खर्चाचे काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास आणि झडपेच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली ही योजना २०१७ पासून फुले यांच्या नावाने चालते. आता आयुष्मान भारत योजनेबरोबर तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आले आहे आणि राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना तिची दारे उघडली आहेत. मात्र रुग्णालय योजनेच्या यादीत असावे लागते आणि मंजुरी शस्त्रक्रियेआधी घ्यावी लागते. दाखल होताच रुग्णालयातील 'आरोग्यमित्रा'ला शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन भेटावे. माहितीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

धर्मादाय न्यासांच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. वसईच्या तहसील कार्यालयात त्यासाठी ऐनवेळी धावण्यापेक्षा, शस्त्रक्रियेची तारीख ठरली त्याच दिवशी अर्ज करावा. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटले की कोणती मदत लागू होते ते कळते.

डिस्चार्जच्या दिवशी काय विचारायचे?

वसईच्या खाडीमुळे नायगाव-भाईंदर हा सरळ मार्ग रेल्वेलाच मिळाला आहे. रस्त्याने येणाऱ्या मोटारीला घोडबंदरजवळच्या वरसावे पुलावरून वळसा घालून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने यावे लागते. डिस्चार्जचे कागद आणि विम्याची मंजुरी होता होता संध्याकाळ होते आणि नुकताच बरा होऊ लागलेला माणूस ऐन कोंडीत सापडतो. उशीर होत असेल तर सकाळी निघता येईल का, हे विचारायला संकोच नको. रुग्णाने मागच्या आसनावर बसावे, सीट बेल्ट आणि छाती यांमध्ये उशी ठेवावी, शक्य तिथे थांबून चार पावले चालावे. लोकलचा विचारही करू नये. दारातील एक धक्का किंवा वर पकडलेली कडी जुळणाऱ्या हाडाला महागात पडू शकते. शेअर रिक्षात तिघांत दाबून बसणे आणि दुचाकीवर मागे बसणेही काही आठवडे बंद.

निघण्याआधी हे प्रश्न वहीत लिहून घ्यावेत : कोणती जुनी औषधे बंद, कोणती नवी सुरू? टाके कधी काढायचे? अंघोळ कशी करायची? किती वजन उचलायचे? रात्री त्रास झाला तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा? आणि फिजिओथेरपिस्टना घराची खरी माहिती द्यावी. नालासोपारा, विरारमधील कित्येक इमारतींना लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर राहत असाल तर तसे सांगा, म्हणजे ते रुग्णाला जिना चढण्याचा सराव करून घेतील. उतरणे-चढणे दिवसातून एकदाच होईल अशी सुरुवातीची आखणी करता येते.

घरात कोणते बदल लागतात?

जमिनीवरचे अंथरूण गुंडाळून ठेवावे. जमिनीवरून उठताना हातांवर जोर येतोच, म्हणून कॉट हवी. भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणावी. बद्धकोष्ठता झाली तर डॉक्टरांना सांगावे, कारण कुंथणे घातक. पाणी भरणे, सिलिंडर सरकवणे, नातवाला उचलणे बंद. १५ लिटरची भरलेली बादली १५ किलोंहून जड असते, तर सुरुवातीला बहुतेक ठिकाणी दोन-तीन किलोंची मर्यादा सांगतात.

खाण्याबाबत घराघरांत सल्ले मिळतात. सुरुवातीला तोंडाला चव नसते, तेव्हा थोडे थोडे पण वारंवार द्यावे. वसईत खारवलेली सुकी मासळी, लोणचे, पापड ताटात असतातच. मिठामुळे अंगात पाणी साठते, म्हणून ते दूर ठेवावे. मधुमेह असेल तर वसईची सुकेळी आणि गोड फळेही मोजूनच, कारण साखर वाढली की जखम भरत नाही. धातूची झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची घ्यावी लागते. त्यांनी पालेभाज्या बंद करायच्या नाहीत. रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवायचे आणि 'आयएनआर' ही रक्ततपासणी चुकवायची नाही. कोणाचाही काढा किंवा जडीबुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

रोज सकाळी एकाच वेळी वजन करावे. एका दिवसात किलो-दीड किलो वाढले, पायावर सूज आली किंवा आडवे झाल्यावर दम लागला तर कळवावे. १००.४ फॅरेनहाइटहून जास्त ताप, जखमेतून पू, हालचाल करताना छातीच्या हाडात 'कट' असा आवाज, पोटरीत एकाच बाजूला सूज ही लक्षणेही थांबायची नाहीत. छातीत वेगळे दुखणे, बेशुद्धी किंवा पक्षाघाताची लक्षणे दिसली तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

बरे झाले तरी ते उदास का?

घरी आल्यावर कधी कधी माणूस विनाकारण रडतो, चिडतो, रात्री दचकून उठतो. 'सगळे छान झाले, आता काय झाले?' असे म्हणू नये. मृत्यूच्या जवळून परतलेल्या माणसाला हे वाटते. बहुतेकांचे काही आठवड्यांत हलके होते. उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली, भूक-झोप गेली किंवा 'मी ओझे झालो' असे शब्द ऐकू आले तर डॉक्टरांना सांगावे. हीदेखील तब्येतच.

याउलट काही घरांत माणसाला काचेचे भांडे समजून पलंगावरून उठूच देत नाहीत. चालणे हे उपचार आहे. आज घरातल्या घरात, उद्या मजल्यावर, मग सोसायटीच्या आवारात, असे रोज थोडे वाढवावे. भाजी निवडणे, हिशेब लिहिणे, नातवाचा अभ्यास घेणे अशी बसून होणारी कामे त्यांच्याकडे परत द्यावीत.

किती दिवसांनी माणूस कामाला लागतो, याचे एक उदाहरण देशाने पाहिले आहे. २४ जानेवारी २००९ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर दिल्लीच्या 'एम्स'मध्ये दुसरी बायपास झाली. मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखालील पथकाने ती केली. पहिली १९९० मध्ये झाली होती. तेव्हा डॉ. सिंग ७६ वर्षांचे होते. त्यांच्या गैरहजेरीत प्रणव मुखर्जी यांनी कामकाज सांभाळले आणि १६ फेब्रुवारीला हंगामी अर्थसंकल्पही मांडला. त्याच वर्षी २२ मे रोजी डॉ. सिंग यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि २०१४ पर्यंत ते त्या पदावर होते.

पंतप्रधानांचे काम दुसऱ्याने सांभाळले म्हणून त्यांना विश्रांती घेता आली. विरारच्या घरातही तेच करायचे असते. बाबांची जबाबदारी काही आठवडे वाटून घ्यायची आणि ते सावरले की ती त्यांना परत द्यायची.